मेजामागचं कपाट आणि एकच किल्ली

पत्र थोडक्यात: सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) ४६ वर्षांच्या ताई लिहितात की, गेली चौदा वर्षं प्रभुभोजनाची (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) तयारी, मेजावरची कापडं, शनिवारची झाडलोट आणि नाताळच्या प्रीतिभोजनाचा शिधा-भांडी असं सगळं त्याच बघतात. नुकत्याच झालेल्या वर्धापनदिनी गायकवृंद, शब्बाथ शाळेच्या शिक्षिका आणि उपदेश करणारे यांना शाल आणि स्मृतिचिन्ह देण्यात आलं. ताईंचं नाव यादीत नव्हतं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्या मागच्या खोलीत चहाचे कप मोजत होत्या. घरी आल्यावर, उपासनेत गाणारी त्यांची १९ वर्षांची मुलगी सहज बोलून गेली, "आई, तू सेवा कुठे करतेस? तू कामं करतेस." महिला मंडळातल्या एका मैत्रिणीने मार्थेची, येशू घरी आला असता कामाच्या दगदगीत राहिलेल्या बाईची, आठवण करून दिली. ताई विचारतात: मला वाईट वाटलं, हे पाप आहे का? हे सगळं सोडून महिला मंडळात वचन सांगायला उभी राहू का? आणि मी सोडलं तर करणार कोण? मी नसले तर काहीच होत नाही.

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना मनावर ओझं राहणार नाही. वाईट वाटणं हे पाप नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं आणि त्यावरून कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना नम्रतेवर प्रवचन दिलं नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि पंगतीच्या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची पात्रता काय असावी, तेही ठरवलं: नाव चांगलं असावं, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावेत. वाढपाच्या कामाला एवढी मोठी अट! मग प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. त्यानंतर लगेच सातव्या वचनात सांगितलं आहे की देवाचं वचन पसरत गेलं आणि शिष्यांची संख्या वाढली. पंगतीची घडी बसली आणि वचनालाही वाट मिळाली, असा क्रम तिथे आहे.

म्हणजे दुर्लक्ष झालं असेल तर ते योग्य जागी सांगणं बायबलला मान्य आहे. बाधतं ते मनात धरून बसणं. चौदा वर्षांचं मौन एखाद्या रविवारी भलत्याच माणसावर, भलत्याच शब्दांत फुटतं, आणि मग मूळ गोष्ट बाजूला राहून "ताई किती बोलल्या" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

आता मुलीच्या वाक्याकडे येऊ. तिच्यावर रागावू नका. ती तेच बोलली जे तिने लहानपणापासून मंडळीत पाहिलंय. सूचना वाचताना नावं येतात ती उपदेश करणाऱ्याची, गाणं बसवणाऱ्याची, प्रार्थना करणाऱ्याची. प्रभुभोजनाचे पेले कुणी भरले, हे सूचनापत्रकात कधी येत नाही. मग एकोणीस वर्षांच्या मुलीने सेवा म्हणजे माइकसमोरचं काहीतरी, असा अर्थ काढला तर तिचा दोष किती?

तिला रागाने उत्तर देण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून १ इतिहास, नववा अध्याय वाचा. हा अध्याय सहसा कुणी उपदेशाला घेत नाही, नावांच्या याद्या म्हणून ओलांडून जातो. २८व्या वचनात मंदिराची भांडी सांभाळणारे लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या कुळातले लोक, आहेत: भांडी मोजून आत आणायची, मोजून बाहेर काढायची. ३१व्या वचनात मत्तिथ्या आहे, तव्यावर भाजायच्या पदार्थांची जबाबदारी त्याच्याकडे. ३२व्या वचनात दर शब्बाथाला समर्पित भाकरी तयार करणारे. आणि त्यांच्या पाठोपाठ, ३३व्या वचनात, गायक. एकाच यादीत, एकाच दमात. तव्यावर भाजणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि कुळ तिथे लिहिलंय. गायकांचा उल्लेख त्या वचनात नुसता घराण्यांचे प्रमुख म्हणून आहे. गायकांना खाली दाखवायला हे सांगत नाही. त्या यादीत कुणी वर नाही आणि कुणी खाली नाही, एवढंच मुलीच्या नजरेस आणून द्या.

आणखी एक प्रसंग तिला दाखवा. लूक २२ मध्ये वल्हांडणाच्या (यहुद्यांच्या सणाच्या) जेवणाची तयारी करायला येशूने कुणाला पाठवलं? पेत्र आणि योहान यांना. जागा शोधायची, माडीवरची खोली बघायची, जेवण सिद्ध करायचं. पुढे मंडळीचे आधारस्तंभ झालेले दोघे त्या दिवशी शहरात पाण्याचं मडकं घेतलेल्या माणसामागे चालत होते. तुम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी जे करता, तेच काम हे.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथल्या मुलींनी आणि बायकांनी छपाईचे खिळे जुळवले, कागद छापले. भाषांतर करणारीचं नाव आपल्याला ठाऊक आहे आणि ते असायलाच हवं. पण शाईने काळ्या झालेल्या त्या बोटांशिवाय हस्तलिखित हस्तलिखितच राहिलं असतं.

इथवर मी तुमच्या बाजूने बोललो. आता थोडं तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि ते प्रेमाने घ्या.

तुमच्या पत्रात "मी नसले तर काहीच होत नाही" हे वाक्य दोनदा आहे. पुढे तुम्ही लिहिता की मेजामागच्या कपाटाची किल्ली चौदा वर्षं तुमच्याच पर्समध्ये आहे. रसासाठी मनुका किती भिजवायच्या, डागाळलेलं कापड कसं काढायचं, मोठी पातेली कुणाकडून आणायची, हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ताई, मग हे काम कुणाला दिसणार कसं? लोक कृतघ्न आहेत म्हणून नव्हे, तर ते नेहमी बिनचूक होतं आणि बंद दाराआड होतं, म्हणून ते दिसत नाही. पाळकसाहेबांनाही (मंडळीच्या धर्मगुरूंनाही) कदाचित वाटत असेल की पेले भरायला दहा मिनिटं लागतात.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन तुमच्या मनात असणार. पण मत्तय सहामध्ये प्रभू बोलतो ते दानधर्माच्या दिखाव्याबद्दल. मंडळीच्या कपाटात काय आहे आणि ते कसं वापरायचं, हे पुढच्या माणसाला कळू न देणं हा काही गुप्तपणाचा सद्गुण नव्हे. उद्या तुम्हाला टायफॉइड झाला तर महिन्याचं प्रभुभोजन अडेल. तुमची सेवा मोठी आहे, आणि म्हणूनच ती एकट्या माणसाच्या तब्येतीवर टांगती राहणं बरं नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती ही की एक वही करा. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कपाटात दोरीने बांधलेली. मोबाइलमध्ये नको, फोन बदलला की गेलं. तुम्हाला येतं ते सगळं त्यात उतरवा, आणि असं लिहा की कधीही कपाट न उघडलेल्या मुलीला ते वाचून काम करता यावं. नमुना म्हणून प्रभुभोजनाचं पान कसं असावं ते सविस्तर लिहितो. तुमची पद्धत वेगळी असेल तर तुमची लिहा.

समजा प्रभुभोजन घेणारे १७० आहेत. छोट्या पेल्यात दोन तृतीयांश भरलं तर साधारण १० मिलिलिटर मावतं, म्हणजे १.७ लिटर. सांडलवंड धरून २ लिटर करावं. त्यासाठी अर्धा किलो काळ्या मनुका, तीन पाण्यांनी धुऊन, शुक्रवारी रात्री अडीच लिटर पाण्यात भिजत घालायच्या. शनिवारी सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळायच्या, रवीने घोटायच्या, मलमलच्या दुहेरी कापडातून पिळून घ्यायच्या. साखर लागत नाही. भांडं स्टीलचं घ्यावं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट रस ठेवला की धातूची चव उतरते. रस पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत भरायचा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा. इथेच बहुतेकांची चूक होते. कोमट रस बाटलीत कोंडून ओट्यावर ठेवला की सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो रविवारपर्यंत फसफसायला लागतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा आंबूस वास आला तर तो रस वापरू नका. अशा वेळेसाठी द्राक्षरसाची एक बंद बाटली कपाटात असावी, आणि तिची मुदत वहीत लिहिलेली असावी.

नेहमीच्या तबकात ४० पेले बसतात, म्हणजे १७० जणांना पाच तबकं. १८० पेले भरा. शनिवारी भरून ठेवू नका, मुंग्या लागतात. रविवारी उपासना नऊला असेल तर आठला भरायला घ्या. बारीक तोटीची किटली वापरली तर एकट्या माणसाला पंचवीस मिनिटं लागतात, दोघींना पंधरा. पेला काठोकाठ भरायचा नाही. तबकावर तबक ठेवताना किंवा वडीलमंडळींच्या थरथरत्या हातात ते हिंदकळतं, आणि खालच्या तबकाची कड चिकट होऊन दोन्ही एकमेकांना धरून बसतात. मग भर उपासनेत ओढाताण. भरून झाल्यावर प्रत्येक तबकाचा तळ कोरड्या फडक्याने पुसायचा. एवढं एक केलं तरी निम्मा गोंधळ वाचतो.

भाकरीसाठी तुमच्याकडे पाव वापरत असाल तर कडा काढलेल्या एका स्लाइसचे दीड सेंटिमीटरचे साधारण पंचवीस तुकडे निघतात. आठ स्लाइस पुरे. सकाळीच कापायचे. आदल्या रात्री कापले तर आपल्या कोरड्या हवेत त्यांचा टोस्ट होतो आणि म्हाताऱ्या माणसांना ठसका लागतो. बिनखमिराची पोळी करत असाल तर ती कोमट असतानाच कापा, गार झाली की तुटते, तिचे चुरे पडतात. उरलेल्या भाकरीचं आणि रसाचं काय करायचं, हे पाळकसाहेबांना विचारून त्यांच्या शब्दांत वहीत लिहा. प्रत्येक मंडळीची रीत वेगळी असते, आणि नव्या माणसाने नकळत ते मोरीत ओतलं तर कुणाचं तरी मन दुखावतं.

पेले धुण्याबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर असतात. उपासना संपल्यावर ताबडतोब कोमट पाण्याच्या टोपात बुडवायचे. दुपारपर्यंत तसेच राहिले तर तळाशी गोड थर वाळतो आणि मग बारीक ब्रशशिवाय निघत नाही. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढुरकी झाक येते. त्यासाठी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून पेले अर्धा तास ठेवा, मग साध्या पाण्याने खळबळा. उपडे घालून सुती कापडावर पूर्ण वाळू द्या. ओलसर पेले कपाटात गेले की महिन्याभराने उघडताना कुबट वास येतो आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. शेवटी मोजून ठेवायचे आणि आकडा तारखेसह लिहायचा. मोजून बाहेर काढायचे, मोजून आत ठेवायचे, अगदी त्या लेव्यांसारखं.

मेजाच्या कापडावर रस सांडला तर तिथल्या तिथे गार पाणी. साबणाची वडी लगेच घासू नका, डाग बसतो. आधी पाण्यातून भरपूर काढायचं, मग मीठ-लिंबू, मग साबण. इस्त्रीआधी डाग पूर्ण गेलाय ना हे उजेडात बघायचं, कारण इस्त्री फिरली की तो कायमचा.

प्रीतिभोजनाचं पान वेगळं करा. त्यात माणशी तांदूळ १०० ग्रॅम, मटण १५० ग्रॅम, मुलांना निम्मं, आणि आदल्या रविवारी घरोघरचे आकडे घेऊन वर दहा टक्के, असे हिशेब असावेत. म्हणजे २०० मोठ्या माणसांना तांदूळ २२ किलो आणि मटण ३३ किलो. गॅसचा १९ किलोचा एक सिलिंडर चालू आणि एक राखीव. आणि पाणी! नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. ताटं धुऊन वापरायची असतील तर माणशी आठ-दहा लिटर धरा, म्हणजे दोन हजार लिटर आधीच भरलेलं हवं. आपल्या भागाचा पाण्याचा वार कोणता, जेवणाआधीचा शेवटचा वार कधी येतो, तो हुकला तर टँकर कुणाला सांगायचा, हे नावानिशी आणि नंबरासकट लिहा. जेवण चांगलं झालं आणि हात धुवायला पाणी नाही, असं झालं की लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

मंडळीत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं असतील तर वहीतल्या मुख्य पानांचं त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतही लिहून घ्या. सोलापुरात हे जमतं, आणि त्यानिमित्ताने ज्यांना कधी विचारलं गेलं नाही अशी दोन-तीन घरं कामात येतात.

वही झाली की दुसरी पायरी माणसांची. निदान तिघी-चौघी हव्यात, आणि त्यात एखादा तरुण मुलगाही असू दे. पेले धुणं हे बायकांचंच काम असं कुठल्याही वचनात नाही. शिकवण्याचा क्रम सोपा ठेवा. पहिल्या महिन्यात नव्या व्यक्तीने नुसतं बघायचं आणि वहीत काय लिहायचं राहिलंय ते सांगायचं. दुसऱ्या महिन्यात तिने करायचं, तुम्ही बघायचं. तिसऱ्या महिन्यात तिने एकटीने करायचं आणि तुम्ही उपासनेत बाकावर बसायचं. हा तिसरा महिना तुम्हाला जड जाईल. तबक थोडं वाकडं असेल, कापडाची घडी तुमच्यासारखी नसेल. उठून नीट करायला जाऊ नका. उपासना संपल्यावर, एकटीला बाजूला घेऊन, एकच गोष्ट सांगा. चारचौघांत तीन चुका दाखवल्या की ती मुलगी पुढच्या महिन्यात येत नाही, आणि मग "कुणी मदतच करत नाही" ही तक्रार पुन्हा सुरू होते. किल्ल्या दोन करा. एक मंडळीच्या कार्यालयात राहू दे.

आणि मार्थेबद्दल. मैत्रिणीने आठवण करून दिली ती चांगल्या हेतूने असेल, पण लूक १० नीट वाचा. स्वयंपाक करू नको, असं प्रभू मार्थेला म्हणत नाही. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणतो. योहान १२ मध्ये बेथानीला पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढते आहे. तिथे तिला कुणी काही बोलत नाही. सेवा तीच, दगदग गेली आहे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ शाल-स्मृतिचिन्हाची नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय, "मला उपदेश मागच्या खोलीतून अर्धामुर्धा ऐकू येतो, आणि प्रभुभोजन मी बहुतेक शेवटी उभ्या-उभ्याच घेते." ताई, हे बदलायलाच हवं. दुसऱ्यांसाठी मेज मांडणारीला मेजाशी बसता येत नसेल तर व्यवस्थेत काहीतरी चुकलंय. चारपैकी तीन रविवार तुम्ही संपूर्ण उपासना बसून ऐकायची, असा नियम करा. चहाचं आधण उपदेश संपल्यावर ठेवलं तरी चालतं. लोकांना चहासाठी दहा मिनिटं थांबावं लागेल, तेवढ्यात ते एकमेकांशी बोलतील.

आता पंच कमिटीकडे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांकडे, काय मागायचं? शाल मागू नका. उशिरा आलेली शाल तुम्हालाही अवघड आणि देणाऱ्यालाही. पाळकसाहेबांना मात्र एकदा समक्ष भेटून सरळ सांगा: "वर्धापनदिनाला तयारीचं काम करणाऱ्यांचा उल्लेख राहिला, मला वाईट वाटलं." दोन वाक्यं, त्यापुढे स्पष्टीकरण नाही, इतर कुणाचं नाव नाही. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही लिहू नका. मग कामासाठी मागा: या खर्चाला वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ, कारण आजवर मनुका, व्हिनेगर, फडकी तुम्ही स्वतःच्या पैशातून आणत आलात, असं दिसतं. तुटलेल्या पेल्यांच्या जागी नवे. फ्रीजमध्ये शनिवारची राखीव जागा. वार्षिक अहवालात गायकवृंदाच्या अहवालासारखाच तयारी गटाचा अर्ध्या पानाचा अहवाल, जो तुमच्या वहीवरून कुणीही लिहू शकेल. आणि वर्षारंभी शिक्षक-पंचांसाठी समर्पणाची प्रार्थना होते, तिच्यात हा गटही उभा राहावा. प्रेषितांनी त्या सातांवर हात ठेवले होते, तेव्हा हे मागताना संकोच बाळगू नका.

पंच किंवा पाळक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आभार मानायची यादी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आठवून करू नका, तेव्हा फक्त माइकसमोरचे चेहरे आठवतात. रविवारी सकाळी पहिलं कुलूप उघडल्यापासून शेवटचं लागेपर्यंत कोण कोण काय करतं, ते एकदा स्वतः उभं राहून लिहून घ्या. पंखे-दिवे, माइकचे सेल, चपलांची जागा, आजारी माणसांच्या घरी प्रभुभोजन पोचवणारा, अर्पण मोजणारे. अर्पणाचं तर जरा जास्तच बघा. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी दोनदा मोजावं, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या असाव्यात, सोमवारी रक्कम बँकेत जावी. पैशांच्या बाबतीत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, म्हणून पौलाने मदत पोचवताना सोबत माणसं घेतली होती. २ करिंथ ८ मध्ये ते लिहिलं आहे. तसंच बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ज्याच्या हातात असतात त्याचं. चुकलेल्या नोंदीवर पांढरी शाई लावू नये, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहावं आणि सही करावी. तीस वर्षांनी एखाद्याला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो तेव्हा त्या अक्षराची किंमत कळते.

राहिला महिला मंडळात वचन सांगण्याचा प्रश्न. बोलावंसं मनापासून वाटत असेल तर जरूर बोला. पण पेले धुणं कमी दर्जाचं वाटतं म्हणून बोलायला जाऊ नका. मग तिथेही टाळ्या मोजत बसाल. तुम्ही लिहिता की चारचौघांत उभं राहायची भीती वाटते. तर सुरुवात दहा मिनिटांची करा, विषय १ इतिहास ९ घ्या, आणि शेवटी मनुका कशा भिजवायच्या ते प्रत्यक्ष दाखवा. तयारी गटाला माणसं तिथेच मिळतील. नाही बोलावंसं वाटलं, तरी तुमच्या सेवेत काही उणं राहत नाही.

मुलीला तयारी गटात ओढू नका. तिला गाण्याचं दान आहे, ती गाऊ दे. फक्त एका शनिवारी दोन तास तिला सोबत न्या आणि दोन तबकं तिच्या हातून पुसून, मोजून घ्या. उपदेश करू नका, आणि तिचं ते वाक्य तिला परत ऐकवू नका.

हे सगळं नाताळच्या तोंडावर सुरू करू नका. डिसेंबरात कुणी शिकत नाही, सगळे धावत असतात, आणि शिकवणाऱ्याचाही तोल जातो. वही आजपासून लिहायला घ्या, रोज एक पान. माणसांना शिकवणं जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली, रस्ते मोकळे झाले, की फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनापासून. म्हणजे एप्रिलमध्ये, रस सगळ्यात लवकर बिघडतो त्या दिवसांत, पहिली शिकाऊ व्यक्ती एकटीने उभी असेल. तेव्हा फ्रीजचं तेवढं तिला दोनदा सांगा.